दिपीची चौथी

आमच्या घरात दिपीला रडू द्यायचं नाही, हा एकच कायदा होता आणि तो सगळ्यांना सारखा लागू होता. दिपी म्हणजे दीपाली, माझी धाकटी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान. जन्मली तेव्हाच तिच्या हृदयाला भोक होतं आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद होती. हे मला आज नीट सांगता येतं; तेव्हा घरात एवढंच म्हणायचे की पोर निळी पडते. रडली की आधी ओठ, मग नखं, मग कानांच्या पाळ्या जांभळट व्हायच्या, श्वास फुलायचा आणि मान कलायची. मग आई असेल तिथे फतकल मारून बसायची, दिपीचे दोन्ही गुडघे तिच्याच छातीशी दाबून धरायची आणि "नाय रे माझं सोनं, नाय रे" करत डोलत राहायची. हे गुडघे दाबणं तिला सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी शिकवलं होतं. आईचं बघून मीही शिकले. दुसरी-तिसरीतली मी एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हाताने बहिणीचे गुडघे दाबत बसलेली असायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात काही नवल वाटायचं नाही.

मळा मखमलाबादच्या वाटेवर, पाटाच्या कडेला होता. पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे लांबलचक पडवी. घर खोल्यांत नव्हतंच, ते त्या पडवीत होतं. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, फुलं बांधायला पाण्यात भिजत टाकलेलं केळीचं सोपट, आणि भोवती गोल बसलेल्या, रोजाने हार ओवणाऱ्या बायका. झेंडूच्या देठातून सुई जाताना बारीकसा कच्च असा आवाज येतो. बारा-पंधरा सुया चालू असल्या की तो आवाज गुरं चरताना येतो तसा एकसारखा येत राहतो. मला अजून तो ऐकला की भूक लागते, कारण तो संपला की जेवण असायचं. बाजरीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि संध्याकाळी उडदाचं घुटं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, पहाटे पाट्या मोपेडला बांधून पंचवटीतल्या फुलबाजारात जायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे. आल्या आल्या पहिला प्रश्न, "रडली का?" मी शाळेत काय केलं, आईचा ताप उतरला का, हे सगळं त्याच्या नंतर.

रडू द्यायचं नाही म्हणजे मागेल ते द्यायचं. आणि दिपी मागायची गूळ. फळीवर गुळाचा डबा होता. तिने ओठ काढला की कुणीतरी धावत जाऊन तिच्या तोंडात खडा कोंबायचं. बायकाही सुई टाकून उठायच्या. मी गूळ मागितला की आई म्हणायची, "तुला काय धाड भरलीय?" खरंच, मला काहीच झालं नव्हतं, हाच माझा गुन्हा होता. मी पाटावर जाऊन श्वास रोखून धरायची आणि पाण्यात वाकून बघायची, ओठ निळे होतात का ते. झाले नाहीत कधी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्या वयातही एवढं कळत होतं की असली इच्छा धरणारी मुलगी चांगली नसते. ती चांगली नव्हतीच, पुढे कळेलच.

दिपी चार वर्षांची असताना मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात तिची छाती उघडून हृदय दुरुस्त केलं. आई तिच्याबरोबर होती, अण्णा जाऊन-येऊन. दिपी परत आली ती गुलाबी ओठांची. गळ्याखालून पोटापर्यंत सरळ शिवण होती आणि ती कुणाला हात लावू द्यायची नाही. निघताना डॉक्टरांनी अण्णांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, आता हिला बाकीच्या मुलांसारखंच वाढवा. दोन, हिचे दात सांभाळा. दात किडला किंवा कारण नसताना ताप राहिला तर लगेच दाखवा, दातातला जंतू हिच्या हृदयात जाऊन बसू शकतो. अण्णा घरी आले त्या दिवशी पडवीत बसून त्यांनी दोन्ही गोष्टी आम्हाला सांगितल्या. मी अकरा वर्षांची होते आणि मी दोन्ही ऐकल्या. पहिली गोष्ट अण्णांनी पुढे अख्ख्या फुलबाजाराला सांगितली. दुसरीला आई म्हणाली, "हृदय सांभाळलं, तिथं दाताचं काय एवढं?" गुळाचा डबा फळीवर होता तिथेच राहिला.

तर कायदा बदलला. आणि आमच्याकडे कायदा बदलतो तेव्हा पूर्ण बदलतो. सहा वर्षांची झाल्यावर दिपीला फुलं खुडायला पाठवलं. उमललेलं खुडायचं, कळी ठेवायची, एवढंच काम. तिने परडी भरून कळ्या आणल्या. परत दाखवलं, परत कळ्या. अण्णांनी तिच्या गालात एक ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. पडवीतल्या सगळ्या सुया थांबल्या. दिपीने मोठा आ केला, रडू फुटलं, आणि आम्ही सगळेजण, आईसुद्धा, तिच्या ओठांकडे बघत राहिलो. ओठ गुलाबीच होते. ती बराच वेळ रडली आणि ते गुलाबीच राहिले. अण्णा म्हणाले, "डॉक्टरच म्हणलाय. बाकीच्यांसारखं वाढवा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. सहा वर्षं जपून जपून माणूस दमलेला होता. पण मार खाणारीला त्याचं काय.

दिपीचं डोकं कसं चालायचं हे मी आज दोन वाक्यांत सांगू शकते, पण तेव्हा आमच्यापैकी कुणाला ते दिसलं नाही, कारण ती बोलायला पटाईत होती. पडवीतल्या प्रत्येक बाईची नक्कल करायची, बाजारातल्या दलालाचा आवाज काढायची, सगळ्यांना हसवायची. असं बोलणाऱ्या मुलीला काही येत नाही यावर कोण विश्वास ठेवणार? आई म्हणायची, विळी आण आणि येताना पाण्याची मोटार बंद कर. दिपी जायची आणि वाटेत नुसती उभी राहायची. दोनपैकी एकही काम तिच्यापाशी उरलेलं नसायचं. शाळेत फळ्यावरचं उतरवताना मधल्या ओळी गळायच्या. बेरजा सुरू केल्या की बेरजाच. खाली वजाबाकीचं चिन्ह आलं तरी ही आपली बेरीज करत सुटायची. चूक दाखवली की म्हणायची, "हो की," आणि पुढच्या गणितात तेच. एक काम दिलं तर ती ते छान करायची. एकातून दुसऱ्यात जायचं म्हटलं की तिला ओलांडता यायचं नाही. घरचा निकाल सोपा होता. लाडावलीय, कामचोर झालीय. रडू दिलं नाही त्याचं फळ.

चौथीत ती नापास झाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा चौथीतच बसली, तेव्हा सहामाहीनंतर तिच्या बाई मळ्यात आल्या. वाईट बाई नव्हत्या. चहा घेतला, फुलांचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "अण्णा, वार्षिकला निघाली तर बघू. नाही निघाली तर मतिमंदांच्या शाळेत चौकशी करा. शहरात आहे. तिचं भलं होईल." अण्णांनी त्यांना जाताना वेणी दिली. मग आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी तेव्हा बारावी होऊन घरी बसलेली होते. चांगले मार्क होते, मला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं, आणि अण्णांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून मला हार ओवायला बसवलं होतं.

"तुला कॉलेज पाह्यजे ना?" अण्णा म्हणाले.

"हो."

"मास्तरीण व्हायचंय ना? मग हिला चौथी पास करून दाखव. झाली पास तर फॉर्म भर. नाय झाली तर दोघी मळ्यात."

आईने मान वर केली. "तिचा आन् हिच्या कॉलेजचा काय संबंध?"

"आपल्या बहिणीला शिकवता येत नाय, ती गावाच्या पोरांना काय शिकवणार?" अण्णा म्हणाले आणि मोटार चालू करायला निघून गेले. मला ते तेव्हा अगदी रास्त वाटलं. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. इतके दिवस उत्तर नव्हतं, आता अट तरी होती.

दुपारी बायका गेल्या की पडवीत आमची शाळा भरायची. पहिले पंधरा दिवस मी खरोखर चांगली होते. झेंडूची फुलं मांडून वजाबाकी शिकवली, जिल्ह्याचा नकाशा शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने काढला. दिपीला फार मजा वाटायची. "ताई, तू बाईंपेक्षा भारी शिकवून राह्यली," म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी सगळी पाटी कोरी. महिना असा गेला. मग मी चिमटे काढायला लागले, दंडाच्या आतल्या बाजूला, फ्रॉकच्या बाहीखाली झाकला जाईल असा. मग केस ओढणं. मग उन्हात उभं करणं. मी काही रागाच्या भरात करत नव्हते हे मला लिहून ठेवायचंय. मी मोजून करत होते. आज किती आलं, काल किती आलं होतं, आणि जूनला किती दिवस उरले.

एके दिवशी ती सातच्या पाढ्यात सात चोक अठ्ठावीसला अडकली, चौथ्यांदा. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "तुझं डोकं त्या मुंबईच्या डॉक्टरांनी नीट बसवलं नाय. परत नेऊन उघडायला सांगते."

दिपी थांबली. तिने एक हात गळ्याशी नेला. "परत?"

"मग काय. नापास होणाऱ्या पोरींना परत नेतात."

"मी उघडायच्या वेळी जागी असंल का?"

तेव्हा मी "वेडी का काय" म्हणून हसले असते तर पुढचं काही घडलं नसतं. मी म्हणाले, "ते तू किती पाढे म्हणते त्यावर."

तिने सात चोक अठ्ठावीस म्हटलं. सात पंचे पस्तीस म्हटलं. सात दाहे सत्तरपर्यंत न अडखळता गेली, घाम फुटला होता तिला, पण गेली. मला जे अडीच महिने सापडत नव्हतं ते सापडलं. त्या दिवसापासून मी चिमटे बंद केले, त्यांची गरज उरली नाही. मुंबई एवढा एक शब्द पुरे व्हायचा. वजाबाकीचं चिन्ह दिसलं की ती स्वतःशीच पुटपुटायची, "चिन्ह आधी बघायचं, नाहीतर मुंबई." मी तिला सगळं एका क्रमाने, एका तालात पाठ करून घेतलं. तालुके, नद्या, पाढे, निबंध. क्रम मोडला की ती मोडायची, म्हणून क्रम मोडू द्यायचा नाही. आई म्हणायला लागली, "आता कशी वळणावर आली." तिला वाटलं मी समजूतदार झाले आणि दिपी शहाणी.

पुढे मला नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा एका प्रशिक्षणात लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई बोलायला आल्या होत्या. दुपारचं सत्र होतं, निम्म्या मास्तरांना डुलक्या लागल्या होत्या. त्या सांगत होत्या की काही मुलं हृदयात दोष घेऊन जन्मतात. आईच्या पोटात असल्यापासून त्यांच्या मेंदूला रक्त आणि प्राणवायू पुरेसा मिळत नाही, म्हणून मेंदूची वाढ थोडी मागे राहू शकते. हृदय दुरुस्त झालं तरी ते राहिलेलं आपोआप भरून येत नाही. अशी मुलं बोलतात छान, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण दोन सूचना एकदम लक्षात ठेवणं, कामांचा क्रम लावणं, एका कामातून दुसऱ्यात जाणं त्यांना जड जातं. लोक त्यांना आळशी समजतात. त्यांना एका वेळी एकच सांगा, चित्रं लावून द्या, वेळ द्या, आणि घाबरवू नका. घाबरलेलं मूल पाठ करतं, शिकत नाही. मी शेवटच्या बाकावर होते. वहीत सगळं लिहून घेतलं, अक्षर चांगलं येतं माझं. चहाच्या वेळी शेजारच्या बाई म्हणाल्या, "अशी मुलं आपल्याकडे कुठे असतात हो?" मी म्हणाले, नसतात. चहा बरा होता.

तर त्या वर्षी, परीक्षेला पंधरा-वीस दिवस असताना, दिपी भाकरी घुट्यात बुडवून मऊ करून गिळायला लागली. एकाच बाजूने चावायची. गूळ नको म्हणाली, तेव्हा मी चपापले. तिच्या उजव्या दाढा केव्हाच्या काळ्या पडल्या होत्या, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाही माहीत नव्हतं. एका दुपारी तिचा गाल थोडा सुजलेला दिसला.

"दात दुखतो का गं?"

"नाय."

"आ कर."

"नाय दुखत, ताई. खरंच नाय. मुंबई नको."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मला डॉक्टरांची दुसरी गोष्ट आठवली. पुसटशी नाही, शब्दन् शब्द आठवली. अण्णांना सांगावं तर ते तिला दवाखान्यात नेणार, आठ-दहा दिवस मोडणार, आणि क्रम तुटला तर पुन्हा बसवायला वेळ नव्हता. मी गालाला हात लावून बघितला, गरम होता. घरातून लवंग आणून तिच्या दाढेखाली ठेवली आणि म्हणाले, "बरं. नद्या म्हण." तिने म्हटल्या. चार दिवसांनी तिला संध्याकाळचा ताप यायला लागला. मी दुकानातून तापाच्या गोळ्या आणल्या. रोज एक द्यायची, ती निमूटपणे घ्यायची. आईला कळू द्यायचं नाही हे आम्हा दोघींचं ठरलेलं होतं. ती घाबरून लपवत होती. मी का लपवत होते ते सांगायला नको.

तिने सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपरला मी शाळेच्या फाटकापाशी उभी होते. ती बाहेर आली ती सावकाश, भिंतीला हात लावत. "सगळं लिहिलं, ताई. एकपण नाय सोडलं." चेहरा पिठासारखा पांढरा झालेला. मी तिला डबल सीट घेऊन सायकल चालवत घरी आले आणि सबंध वाटभर गाणं गुणगुणत होते.

पाचव्या दिवशी ती पडवीत फुलांच्या ढिगावरच आडवी झाली. हुडहुडी भरली होती, श्वास भरभर चालला होता आणि बोटांच्या टोकांवर लाल ठिपके उठले होते. अण्णांनी तिला उचलून नाशकातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, तोंड उघडून दाढा बघितल्या, ताप किती दिवस आहे विचारलं. आई म्हणाली, आजच आला. मी मागे उभी होते. डॉक्टर म्हणाले, "जिथे ऑपरेशन झालं तिथे न्या. आजच. आत्ता." शेजारच्या मळ्यातली फुलं दादरला नेणारी जीप मिळाली. अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे आई आणि मी, मध्ये आमच्या मांड्यांवर आडवी दिपी. सकाळचे दहा वाजले असतील. नाशिक मागे पडेपर्यंत ती डोळे मिटून होती. मग तिने विचारलं, "कुठं चाललो?"

आईने सांगून टाकलं. "मुंबईला, बाळा."

दिपीने माझ्याकडे बघितलं. मी पुष्कळ मुलांचे डोळे पाहिलेत, रागावलेले, रडके, खोटं बोलणारे, पण तसे पुन्हा पाहिले नाहीत. ती उठून बसायला बघत होती, आईने धरून ठेवलं. मग तिने सुरुवात केली. "सात एके सात. सात दुणे चौदा." आवाज फुटत नव्हता तरी म्हणत होती. सातचा झाला, आठचा झाला, नवाचा झाला. "नाशिक जिल्ह्यातील नद्या. गोदावरी, गिरणा, दारणा, कादवा, मोसम. एकलहरे, औष्णिक वीज केंद्र. मालेगाव, यंत्रमाग. विंचूर, कांदा बाजार." इगतपुरी आली तेव्हा तिचे तालुके चालले होते. आई पदराने तिचा घाम पुसत "गप गं माझे बाई, दमशील" म्हणत होती, पण ती थांबेना. मध्येच माझ्या मनगटाला धरून हळूच म्हणाली, "ताई, आता नाय ना उघडणार?"

पुढच्या सीटवरून अण्णांनी वळून बघितलं. त्यांचे डोळे भरलेले होते. मी त्यांना तसं त्याआधी एकदाच, दिपी गुलाबी ओठांची होऊन घरी आली तेव्हा, पाहिलं होतं. "पोरीला सगळं पाठ झालंय की," ते म्हणाले. "तापात पण विसरली नाय. लय चांगलं करून घेतलं तू, वैशे. जून लागला की फॉर्म भर."

दिपी माझं मनगट धरून उत्तराची वाट बघत होती. तेव्हा "नाही, नाही उघडणार, मी खोटं बोलले होते" एवढं मला म्हणता आलं असतं. पण ते म्हटलं असतं तर अण्णांनी विचारलं असतं, काय खोटं बोललीस? मी म्हणाले, "तालुके राहिलेत अजून." तिने मान हलवली आणि कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत उरलेले तालुके म्हटले.

दातातला जंतू हृदयात, शिवलेल्या जागेपाशी बसला होता. छाती उघडावी लागली नाही. सलग कितीतरी आठवडे शिरेतून इंजेक्शनं, दाढा काढणं, पुन्हा तपासण्या. दोन महिने आई आणि ती तिथेच होत्या. मी मळ्यात अण्णांच्या भाकरी थापत होते. मे महिन्याच्या एक तारखेला निकाल आणायला मीच गेले. दिपी पास झाली होती, काठावर. बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "तू जन्मजात शिक्षिका आहेस." जूनमध्ये मी फॉर्म भरला, नंबर लागला.

दिपी परत आली तेव्हा ती आणखी बारीक झाली होती आणि काही म्हटल्या काही पाठ नव्हतं. पाढे, नद्या, सगळं पुसून गेलं होतं. चौथी ही तिची शेवटची इयत्ता ठरली, पाचवीचं कुणी नावही काढलं नाही. त्या दिवशी पडवीत बायकांनी तिला मध्ये बसवून घेतलं, हात फिरवले, काय काय झालं विचारलं. ती फुलली. दवाखान्यातल्या मावशींची नक्कल केली, डॉक्टरांची केली, सगळ्याजणी हसून लोळल्या. मग एकीने विचारलं, "आन् मंग या वक्ताला कापलं नाय ते?"

"नाय कापलं," दिपी म्हणाली. "ताईनी माझा अभ्यास करून घेतला होता ना. सगळं म्हणून दाखवलं मी, मंग नुसत्या सुया देऊन सोडून दिलं. ताई नसती तर उघडलं असतं मला."

बायका पुन्हा हसल्या. येडी गं बाई, म्हणाल्या. आईला मात्र हुंदका आला. तिने सुई खाली ठेवली, हात लांबवून माझ्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बहीण असावी तर अशी." दिपी सरकत सरकत माझ्याजवळ येऊन मला टेकून बसली. मी मान वर न करता झेंडू ओवत राहिले. येत्या सोमवारी माझं कॉलेज सुरू होणार होतं.